एक थाप माफ

पिक्चर सुटल्यावर पार्किंगमधून गाड्या निघेपर्यंत लोक जे बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. बाहुलीत गुंडाचा आत्मा शिरला, याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. मनगटावरची कळ दाबली की माणूस दिसेनासा होतो, हेही सगळ्यांनी निमूट मान्य केलेलं असतं. तक्रार निघते ती भलत्याच ठिकाणी. घरात लग्न आणि चुलीपाशी कुणीच नाही, असं कसं? नवऱ्याची नोकरी गेलेली, भाडं थकलेलं, आणि बाई रोज नव्या साडीची घडी मोडते! थोरल्या जावेसमोर धाकटी असं बोलेल तरी का? थोडक्यात, भूत चाललं, जाऊ चालली नाही. सिनेमावर लिहिणारे अशा बोलण्याला फारशी किंमत देत नाहीत. मला मात्र विनोदी, अद्भुत आणि कौटुंबिक म्हणवल्या जाणाऱ्या लोकप्रिय सिनेमांची सगळ्यांत पक्की कसोटी याच बोलण्यात दिसते. प्रेक्षक एक मोठी थाप माफ करतो, बहुतेक वेळा आनंदानं करतो. पण त्या बदल्यात बाकीचं सगळं त्याला चोख लागतं.

हा प्रेक्षक रोजचा नव्हे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं करडी घ्या. धानाचा मुलूख, बांध्या, बोड्या, तलाव. मोठ्या पडद्यावर पिक्चर बघायचा तर भंडारा नाहीतर तुमसर गाठायचं. घरची चार माणसं निघाली की तिकिटांखेरीज जाण्यायेण्याचा खर्च, मध्यंतरातला समोसा, परतायला झालेली रात्र. त्यामुळे जाणं होतं ते सणासुदीला, पाहुणे आले तर, नाहीतर धान विकून चार पैसे हातात आले म्हणजे. बाकीचे पिक्चर टीव्हीवर, जाहिरातींच्या मधून, आणि आता फोनवर. या माणसानं दिग्दर्शकाची मुलाखत वाचलेली नसते, आधीचे भाग क्रमानं पाहिलेले नसतात, कुठल्या परदेशी चित्रपटावरून हा उचलला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण एका विषयात तो मुरलेला आहे: घर. आत्मा बाहुलीत शिरतो की नाही, याचा अनुभव कुणालाच नाही. तिथे दिग्दर्शक म्हणेल ते खरं. उधारी कशी मागतात, रुसलेल्या बहिणीला कोण समजवायला जातं, म्हातारी चहा नको म्हणते तेव्हा तिला हवा असतो की नको, या बाबतीत मात्र प्रेक्षकाचा अनुभव दिग्दर्शकापेक्षा तसूभरही कमी नसतो. ज्यातलं आपल्याला कळत नाही ते त्यानं उदारपणे सोडून दिलं आणि कळतं तिथे हिशेब मागितला, तर त्यात अडाणीपणा कसला?

महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ या हिशेबात नीट बसतो. गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्राच्या जोरावर बोलक्या बाहुल्यात शिरतो. ही एक थाप. पण ती मांडल्यावर कथेनं तिला कुंपण घातलं आहे. बाहुला मरेल तो भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच. त्याला माणसाच्या देहात जायचं असेल तर ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात. कायदा पक्का आहे, आणि कथा तो मोडत नाही. कुंपणाच्या आत जे आहे ते सगळं ओळखीचं. पोराला बाहुल्यांचं वेड लागलं म्हणून काळजी करणारी आई, त्या पोरानं, लक्ष्यानं, खरं सांगितलं तरी त्याच्यावर न बसणारा विश्वास, वरिष्ठांपुढे ताठ आणि एरवी ढिला पडणारा हवालदार. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतो तेव्हा हसू येतं, पण खरी गोम बाहुल्यात नाही. घरातलं एक माणूस जिवाच्या आकांतानं सांगतंय आणि घर म्हणतंय, याचं डोकं फिरलंय. अशी घरं सगळ्यांच्या माहितीतली. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला एवढी वर्षं लहान मुलांना घाबरवत राहिला, त्याचं श्रेय बाहुल्याइतकंच त्याच्या भोवतीच्या खऱ्या माणसांनाही द्यायला हवं. २०१३ मध्ये याच बाहुल्याला त्रिमिती पडद्यावर आणलं गेलं. बाहुला आणखी जवळ आला. माणसं, माझ्या मते, लांब गेली.

हिंदीतही हेच दिसतं, आणि भंडाऱ्याकडे हिंदी वगळून सिनेमाबद्दल बोलताच येत नाही. पलीकडे बालाघाट, अलीकडे नागपूर. बाजारात निम्मं बोलणं हिंदीतच चालतं. नागपूरचेच राजकुमार हिरानी यांचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ साली आला. गुंडाला गांधीजी दिसतात, बोलतात, सल्ला देतात. थाप मोठी आहे. पण पटकथेनं तिचा हिशेब किती काटेकोर ठेवला आहे ते पाहा: मुन्नाला जे माहीत आहे तेवढंच गांधीजींना माहीत. भर सभेत त्याला त्याच्या वाचनापलीकडचा प्रश्न विचारला जातो आणि गांधीजी गप्प होतात. तिथे प्रेक्षकाच्या मनातली शंका कथेनंच उघड्यावर आणली, आणि शंका आणली म्हणूनच थाप टिकली. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तला नायक अदृश्य होतो, पण लाल उजेडात दिसतो. त्या अदृश्य माणसाच्या घरात मात्र काय चालू असतं? गोळा केलेली अनाथ पोरं, थकलेलं घरभाडं, उधारीसाठी मागे लागलेला दुकानदार, आणि आज जेवणाचं काय हा प्रश्न. अद्भुत शक्ती हाती आल्यावर आधी भुकेचा हिशेब चुकता व्हावा, हे करडीतल्या माणसाला जेवढं रास्त वाटेल तेवढंच मुंबईतल्यालाही. जगावर राज्य करू पाहणारा मोगॅम्बो त्या मानानं प्रेक्षकाला गमतीचाच वाटतो. खरा राग येतो तो धान्यात खडे मिसळणाऱ्यांचा.

विनोदी सिनेमात भुताखेतांची गरज नसते, तिथे थाप माणसंच रचतात. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे त्याचं सगळ्यांना तोंडपाठ असलेलं उदाहरण. चार मित्र, राहायला जागा नाही, घरमालकीण फक्त जोडप्यांनाच खोली देणार. मग दोघं साड्या नेसतात. एकदा ही थाप मानली की पुढचं सगळं गणितासारखं चालतं. खोटी बायको म्हटल्यावर शेजारणी येणार, बायकी कामं सांगणार, खोटं गरोदरपण आलं की डोहाळे येणार. प्रत्येक गंमत आधीच्या खोट्यातून निघते. वरून चिकटवलेली त्यात फार थोडी. आणि त्या धावपळीच्या तळाशी असतं ते भाड्याच्या खोलीचं भय. नयनतारा यांनी रंगवलेल्या लीलाबाई काळभोर खाष्ट असूनही खोट्या वाटत नाहीत, कारण एकट्या बाईनं मोठं घर सांभाळायचं तर अटी घालाव्याच लागतात. इकडच्या प्रेक्षकाला तर पुरुषानं साडी नेसणं ही थापसुद्धा वाटत नाही. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांत बायकांची सोंगं पुरुषांनीच वठवली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली (१९१३) तारामती अण्णा साळुंक्यांनीच केली होती, आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही तेच. त्यामुळे करडीकडचा माणूस ‘बनवाबनवी’ बघताना साडीवर अडत नाही. घरमालकीण कशी फसते आणि कधी ओळखते, याकडे त्याचं लक्ष असतं.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे सगळं उसनं आहे. ‘बनवाबनवी’च्या आधी हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) होता. ‘धूमधडाका’ (१९८५) श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटापर्यंत जाऊन पोहोचतो. ‘झपाटलेला’मागे अमेरिकेतला ‘चाइल्ड्स प्ले’, केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मागे (२००४) ‘व्हॉट विमेन वॉन्ट’. मग कसलं घर आणि कसलं खरेपण? मला हा आक्षेप उलट माझ्याच बाजूचा वाटतो. या सगळ्यांनी उसनं काय आणलं, ते बघा. थाप आणली. बायकांच्या मनातलं ऐकू येणारा पुरुष अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीतही चालतो आणि मुंबईतल्या बायकांनी भरलेल्या घरातही. थापेला गाव नसतं, म्हणून ती सहज प्रवास करते. घर तसं आणता येत नाही, ते इथेच उभारावं लागतं. ज्या रूपांतरांनी थापेबरोबर परक्या घरातलं सामानही उचलून आणलं, ती किती आली आणि किती गेली हे आज कुणी सांगूही शकणार नाही. ‘बीवी और मकान’ची आठवण काढणारे थोडे, ‘बनवाबनवी’तल्या धनंजय मानेंचा पत्ता मात्र शाळकरी पोरंही विचारतात.

दुसरा आक्षेप अवघड आहे. घराचं खरेपण एवढं महत्त्वाचं, तर पडद्यावरचं घर करडीच्या माणसाचं असतं कुठे? मराठी पडद्यावर गाव म्हटलं की ऊस, फेटा, पाटलाचा वाडा. शहर म्हटलं की पुणे-मुंबई. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करणारी बाई त्यात क्वचित. इकडची झाडीबोली तर ऐकायलाच मिळत नाही, आणि विदर्भाची म्हणून जी बोली कधीमधी कानावर पडते ती नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. असं असूनही लोक बघतात, हसतात, रडतात. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला आला आणि त्या वर्षी मराठीत दुसऱ्या कुणाला जमलं नाही एवढं यश त्याला मिळालं. बायका गटागटानं गेल्या, गॉगल लावून फोटो काढत गेल्या. त्यातल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. पूर्व विदर्भातल्या शेतकरी घरांत मंगळागौर काही फारशी खेळली जात नाही. फुगड्या इकडेही आहेत, पण तो सोहळा पश्चिमेकडचा. तरी काही अडलं नाही. कारण प्रेक्षकाची बारकाईनं तपासणी चालते ती नात्यांची. कपडे, खेळ, पदार्थ यांना तो बरीच सूट देतो. बहिणीबहिणींचा अबोला किती वर्षं टिकू शकतो, तो कुठल्या क्षुल्लक गोष्टीवरून धरलेला असतो, आणि नवरे त्यात कसे सोयीस्कर आंधळे असतात, हे बरोबर असलं की मंगळागौर चालून जाते. बिचाऱ्या प्रेक्षकानं स्वतःच्या गावाची अपेक्षा सोडून दिलेली असते म्हणूनही ती चालून जाते, हे मी नाकारत नाही. तो समजूतदारपणा आहे की सवयीनं आलेली लाचारी, यावर माझं मत रोज बदलतं.

पण स्वतःचं गाव बघण्याची त्याची भूक दुसरीकडे भागते. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. कंपन्यांची बरीचशी उलाढाल वडशाला. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. थंडी असते, म्हणून लोक चादरी घेऊनच येतात. आणि या नाटकात विनोद, रडं, नाच, भावाभावांची वाटणी, दारू, हुंडा, सगळं एकाच रात्री. विनोदी नटाशिवाय कंपनीचं चालत नाही. कुरखेडा भागातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या 5,000 हून अधिक प्रयोगांच्या आणि 800 वेगवेगळ्या भूमिकांच्या कामाबद्दल. इथल्या प्रेक्षकाची माफ करण्याची ताकद बघायची तर पुढच्या रांगेत बसावं. नाटकं एवढी आणि तालमी एवढ्या थोड्या की प्रॉम्प्टरशिवाय भागत नाही. नटाच्या तोंडून वाक्य यायच्या आधी ते प्रॉम्प्टरच्या तोंडून ऐकू येतं. दोनदा ऐकलेल्या वाक्यावर लोक दुसऱ्यांदा रडतात! याहून मोठी थाप कुठल्या सिनेमानं मागितली आहे? मात्र शेताच्या वाटणीत धाकट्याला तलावाखालची जमीन गेली की वरची, यात लेखक चुकला तर तेवढ्यावरून गावात चार दिवस चर्चा होईल. सिनेमा बघायला भंडाऱ्याला जाणारा माणूस हीच नजर घेऊन जातो. त्याला विनोदी पिक्चर, कौटुंबिक पिक्चर, जादूचा पिक्चर अशी वर्गवारी करता येत नाही, कारण त्याच्या नाटकात ती कधी नव्हतीच.

कुणी म्हणेल, मग ‘बाहुबली’चं काय? तिथे एक थाप नाही, सगळं जगच थापेचं. ताडाची झाडं वाकवून सैनिक तटावर फेकले जातात. २०१५ आणि २०१७ चे दोन्ही भाग लोकांनी डोक्यावर घेतले, तेव्हा एका थापेचा नियम कुठे गेला? पुराणकथेशी आपला करार निराळा असतो, असं उत्तर देता येईल. फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाच्या फण्यावर नाचवलं, तेव्हापासून तो करार चालू आहे. पण मला त्याहून साधं उत्तर सुचतं. दुसरा भाग नीट पाहिला तर माहिष्मतीच्या साम्राज्यात घडतं काय? आईनं एका मुलाला एका मुलीशी लग्नाचा शब्द दिला, दुसऱ्यानं त्या मुलीला आधीच मन दिलेलं. सून स्वाभिमानी, सासू त्याहून. भर डोहाळेजेवणात अपमान होतो आणि सासू-सुनेचं तुटतं. मुलगा बायकोची बाजू घेऊन घराबाहेर पडतो. तट, हत्ती, धबधबे हा सगळा पसारा बाजूला केला तर शिवगामी आणि देवसेना यांचं भांडण झाडीपट्टीच्या कुठल्याही नाटकात एक शब्द न बदलता उभं राहील. आकाशाएवढ्या थापा पेलल्या त्या या एका भांडणानं.

एका आक्षेपाला मात्र माझ्यापाशी पुरतं उत्तर नाही. घराच्या खरेपणावर एवढा भरवसा टाकणारा प्रेक्षक घर जसं आहे तसंच राहावं, याचीही हमी मागत असतो का? विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’नं (१९९१) महाराष्ट्राला रडवलं. तोही मुळात एका राजस्थानी चित्रपटावरून आलेला. त्यातला एकेक तपशील खरा होता: सासरचा जाच, माहेरचं दुरावणं, साडीची वाट बघणं. पण एवढं सोसणाऱ्या बाईला न्याय मिळतो तो ती गेल्यावर, आणि सोसणं हाच तिचा मोठेपणा ठरतो. ही थाप भूत-बाहुल्याच्या थापेपेक्षा कितीतरी मोठी आहे. ती थाप म्हणून कुणी ओळखली नाही, कारण ती खऱ्या तपशिलांच्या आडोशानं आली. तीच गोष्ट विनोदाची. जाड्या, बोबड्या, काळ्या माणसांवरचे विनोद, बायकोच्या नावानं खडे फोडणारे नवरे, गावंढळ बोलीची टिंगल: हे सगळं घरोघरी चालतं, म्हणून पडद्यावर खरं वाटतं आणि हसू येतं. कसोटी पक्की असली तरी तिला एवढंच कळतं की गोष्ट ओळखीची आहे की नाही. ओळखीची गोष्ट बरी आहे की वाईट, हे ती सांगत नाही. तरी एक फरक पडताना दिसतो. ‘बाईपण’मधल्या बायका सोसून मोठ्या होत नाहीत, त्या चिडतात, भांडतात, खेळायला घराबाहेर पडतात, आणि ज्या बायकांनी साडीसाठी पदर ओला केला होता त्यांच्याच लेकी-सुना, कधी कधी त्या स्वतःही, इथे शिट्ट्या वाजवतात. घराबद्दलचं खरं काय, हेच मधल्या तीसेक वर्षांत सरकलं असलं पाहिजे. सिनेमानं ते सरकवलं असं मी म्हणणार नाही. उशिरा का होईना, त्यानं दखल घेतली.

२०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ चालला, तोही हिंदीत. कोकणातल्या पिंपळावरचं भूत देशभर पोहोचलं. त्यामुळे आता निर्माते आणखी मुलखांतली भुतं शोधायला निघतील, हे सांगायला ज्योतिषी नको. कधीतरी झाडीचाही नंबर लागेल. मोहाच्या झाडावर कुणाला तरी बसवतील, तलावाच्या पाळीवरून कुणाला तरी चालवतील, आणि संगणकावर काढलेलं ते भूत उत्तमच असेल. ते बघायला करडीहून गाड्या भरून लोक भंडाऱ्याला जातील. भुताबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. पण रोवणीचे दिवस दाखवलेले असताना घरातली सगळी माणसं भरदुपारी ओसरीवर गप्पा छाटत बसलेली दिसली, किंवा मजूर बाईच्या पायाला चिखलच नसला, तर मध्यंतराच्या आतच कुणीतरी विचारेल की यांच्या शेतावर गेलं कोण.